छोटा कॅमेरा हातात बसवताना

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाच दिसेल. भाच्याने त्याचा जुना सोनी आरएक्स 100, अगदी पहिलं मॉडेल, तुम्हाला दिला. गेल्या आषाढात लोणंदला माउलींच्या पालखीचे तुम्ही दीडशेक फोटो काढलेत, त्यातले निम्मे हललेले निघाले. कधीकधी एकदाच बटण दाबलं तरी कॅमेरा टक्‌टक्‌टक् असा चारपाचदा वाजतो आणि मग अडून बसतो. सेटिंग 'आपोआप' बदलतं. दोनदा फोटोऐवजी स्वतःच्याच चपलांचा व्हिडिओ निघाला. आणि शेजारच्या मुलाच्या मोबाइलवर मात्र तोच प्रसंग लख्ख. यंदा लोणंदजवळच्या चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण टिपायचंय, म्हणून विचारताय की दोष कॅमेऱ्यात आहे, माझ्यात आहे, की सरळ विकून टाकू?

मी पुण्यात आधी वर्तमानपत्रासाठी आणि नंतर स्वतंत्रपणे फोटो काढत आलेय. मोठा कॅमेरा खांद्याला असतोच, पण 2013 पासून तुमच्याकडे आहे तोच छोटा कॅमेरा कमरेच्या पाउचमध्ये असतो. तुमच्या यादीतली प्रत्येक चूक मी स्वतः केलेली आहे, चपलांच्या व्हिडिओसकट. माझ्या व्हिडिओत चपला एकाच जोडाच्या नव्हत्या, एवढाच फरक.

कॅमेऱ्यात बहुधा दोष नाही. तरी शंका नको म्हणून दहा मिनिटांची एक चाचणी करा. वर्तमानपत्राचं पूर्ण उघडलेलं पान भिंतीवर चिकटवा. कॅमेरा टेबलावर, पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवा, पान चौकटीत बसेल इतक्या अंतरावर. सेल्फ टायमर दोन सेकंदांवर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्का फोटोत उतरत नाही. एक फोटो पूर्ण वाइडला, म्हणजे अजिबात झूम न करता काढा, मग टेबल मागे घेऊन एक पूर्ण झूमला. संगणकावर मोठे करून पाहा. चारही कोपऱ्यांतली बातमी साधारण सारखीच वाचता आली तर लेन्स ठणठणीत आहे. कोपरे मधल्यापेक्षा किंचित मऊ दिसले तर दिसू देत, एवढ्याशा लेन्सकडून जास्त मागू नये. पण एकच बाजू कायम धूसर येत असेल तर आतली भिंगं सरकलीत असं समजा, आणि माझं पुढचं पुराण बाजूला ठेवून दुरुस्तीवाल्याकडे जा.

चाचणी पार पडली असं धरून बोलते.

मोठा कॅमेरा तळहात धरतो आणि बोटं मोकळी राहतात. या कॅमेऱ्याला तळहात पुरेल एवढं अंगच नाही. दहा सेंटिमीटर रुंदी, सहाहून कमी उंची, वजन बॅटरी-कार्डासकट 240 ग्रॅम. तेवढ्या जागेत शटरचं बटण, त्याच्याभोवती झूमचा खटका, चालू-बंदचं बटण, मोडची डायल, व्हिडिओचं बटण, फंक्शन, मेनू, प्ले, डिलीट, मागचं फिरणारं चाक (तेही चार दिशांना दाबलं जाणारं, मध्ये पुन्हा एक बटण) आणि लेन्सभोवतीची रिंग. म्हणजे जी बोटं कॅमेरा धरतात त्याच बोटांखाली बटणं येतात. तुमचं सेटिंग 'आपोआप' बदलत नाही, तुमचा उजवा अंगठा ते बदलतो. कॅमेरा घसरेल या भीतीने आपण मागून अंगठा घट्ट रोवतो, तो नेमका चाकावर पडतो, आणि चाक म्हणतं, बरं, शटर स्पीड बदलू का?

त्यामुळे मी शिकवताना मेनूला हात लावायच्या आधी बोटांची कामं वाटून देते. कोणती बोटं धरणार, कोणती चालवणार, हे एकदा ठरलं की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

उजवा हात: मधलं बोट आणि अनामिका पुढच्या बाजूला, करंगळी खाली बुडाशी टेकू म्हणून. तर्जनी शटरवर, तिला दुसरं काम नाही, झूम सोडून. अंगठा मागे, चाकाच्या वर जी थोडी मोकळी जागा आहे तिथे, आणि तोही आडवा नको, तिरका. पण हा कॅमेरा पुढून साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत आहे, त्यामुळे ही दोन बोटं घसरतात आणि अंगठा पुन्हा आवळला जातो. त्याच्यासाठी चिकटवायची तयार पकड मिळते. मी मात्र बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिप टेप लावलीये, खेळाच्या दुकानातली. पुढच्या बाजूला उजवीकडे उभी पट्टी, साधारण बोटभर रुंद आणि कॅमेऱ्याच्या उंचीपेक्षा थोडी कमी. दिसायला गावठी दिसते. पण पट्टी लावल्यावर अंगठ्याला आवळायचं कारणच उरत नाही, आणि पावसात ओल्या हातानेही कॅमेरा सुटत नाही.

डावा हात लोक सर्रास चुकीचा धरतात. मोबाइलची सवय असते ना, दोन बोटांच्या चिमटीत कड पकडायची. चिमटीत धरलेली वस्तू थरथरतेच. शिवाय या कॅमेऱ्याचा फ्लॅश वर डावीकडून उघडतो, आणि चिमटीतली तर्जनी बरोबर त्याच्या डोक्यावर बसते. त्याऐवजी तळहात आभाळाकडे करा, कॅमेऱ्याचं बूड त्यावर टेकवा आणि अंगठा-तर्जनी खालून लेन्सच्या रिंगला लागू द्या. दोन्ही कोपरं बरगड्यांना. मग गळ्यातला पट्टा. या कॅमेऱ्याला दोन्ही बाजूंना कड्या आहेत, त्यात लांब दोरी अडकवून गळ्यात घाला आणि फोटो काढताना कॅमेरा पुढे ढकला, दोरी ताणली जाईपर्यंत. याला डोळा लावायची खिडकी नाही, त्यामुळे कपाळाचा आधार मिळत नाही. तो आधार ही ताणलेली दोरी देते. आज घरी करून पाहा: संध्याकाळी दिवे लागल्यावर एकच फोटो आधी चिमटीत धरून पाच वेळा काढा, मग दोरी ताणून पाच वेळा. मोजून बघा किती वाचले.

शटर दाबण्याबद्दल. बटणाला दोन पायऱ्या आहेत. अर्धं दाबलं की फोकस होतो आणि हिरवी चौकट येते, पुरतं दाबलं की फोटो. शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईचा पाय पाहा, पायडलवर आपटत नाही, वजन सोडते. तसंच बोट. 'बटण दाबलं आणि क्षण निघून गेला' ही तक्रार जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांबद्दल नेहमीची आहे, पण तो उशीर बहुतांशी फोकस शोधण्याचा असतो. टाळकरी उडी घ्यायच्या आधीच अर्धं दाबून थांबलात, तर उरलेलं अर्धं दाबायला वेळ लागत नाही.

आता मेनूतल्या दोन गोष्टी, त्या पटकन उरकते. व्हिडिओचं ते छोटं बटण कस्टम मेनूत जाऊन बंद करा. बंद केलं तरी डायल मूव्हीवर नेली की ते चालतं, बाकी वेळी मुकं राहतं. आणि टक्‌टक्‌टक् आवाजाचं कोडं असं: तुमची डायल ऑटोच्या शेजारच्या, अधिकचं चिन्ह असलेल्या सुपिरिअर ऑटोवर आहे. उजेड कमी वाटला की हा मोड लागोपाठ अनेक फोटो काढतो आणि त्यांचा एक करतो. थांबायला लावतो ते त्या जोडकामासाठी. देवघरातल्या समईला छान आहे. नाचत्या दिंडीला कामाचा नाही, कारण जोडायला घेतलेल्या प्रत्येक फोटोत माणूस वेगळ्या जागी असतो.

इथे मोबाइलचं उत्तरही देऊन टाकते, कारण तुम्हाला ते बोचलेलं दिसतंय. आजचे फोनसुद्धा लागोपाठ काढलेले फोटो जोडतात, पण त्यांचा प्रोसेसर 2012 सालच्या या कॅमेऱ्यापेक्षा फारच ताकदीचा असतो आणि हललेले भाग वगळून जोडणं त्याला जमतं. तुम्हाला काही ठरवावं लागत नाही. तुमच्या कॅमेऱ्यात बहुतेक फोनपेक्षा मोठा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) आहे, 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचा, आणि खरा झूम आहे, जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मापात 28 ते 100 मिलिमीटर. पण तो तुमच्या ठरवण्याची वाट बघतो. उजेड भरपूर असताना आणि फोटो फक्त फोनवरच बघायचे असतील तर फरक फारसा दिसत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. फरक पडतो दूरच्या चेहऱ्याला झूम केल्यावर, मोठी प्रिंट काढल्यावर, आणि पुढे सांगते त्या रिंगणात.

फोटो हलण्याची दोन कारणं असतात आणि ती वेगळी ओळखता यायला हवीत. सगळाच फोटो एकाच दिशेने फरफटलेला दिसला, मागचं झाडसुद्धा, तर तुमचा हात हलला. झाड स्वच्छ आणि माणूस पुसट, तर माणूस हलला. लेन्समधलं स्टेबिलायझेशन पहिल्या आजारावरचं औषध आहे, दुसऱ्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही. तुम्ही फोटो पाठवले नाहीत, पण 'पताका स्वच्छ, वारकरी पुसट' असं जे लिहिलंय त्यावरून तुमचा आजार दुसरा आहे. शटर फार हळू उघडझाप करतंय.

असं का होतं? ऑटोत, किंवा शटर कॅमेऱ्यावरच सोडणाऱ्या ए आणि पी मोडमध्येही, हा कॅमेरा वाइडला असताना सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत खुशाल उतरतो, कारण त्याच्या हिशेबात तेवढ्यात हात स्थिर राहतो. समोरचा माणूस फुगडी घालतोय हे त्याला माहीत नसतं. नंतरच्या मॉडेलांत 'शटर याच्याखाली जाऊ देऊ नकोस' असं बजावता येतं, तुमच्या मॉडेलात ती सोय नाही. म्हणून डायल एसवर न्या, म्हणजे शटर तुम्ही ठरवणार आणि बाकी कॅमेरा बघून घेईल. चालत्या माणसांना 1/250, नाचणाऱ्यांना 1/500, तंबूतल्या कीर्तनाला 1/60 आणि तेही बुवा हात फेकत नसतील त्या क्षणी. आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील हे सांगणारा आकडा, ऑटोवर ठेवा, वरची मर्यादा दिवसा 1600, रात्री 3200. फोटोत रवा, म्हणजे बारीक ठिपके, दिसेल. दिसू दे. रवाळ फोटो चालतो, पुसट फोटो कुणी भिंतीवर लावत नाही.

एक बारीक मुद्दा. कडक ऊन असेल तर 1/250 ला कॅमेरा लेन्सचं छिद्र अगदी बारीक करतो, एफ 11 पर्यंत (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), आणि एवढ्या छोट्या सेन्सरवर इतकं बारीक छिद्र फोटो उलट मऊ करतं. उन्हात शटर 1/1000 करा, छिद्र आपोआप एफ 5.6 च्या आसपास येईल, तिथे ही लेन्स छान काम करते. आषाढातलं आभाळ बहुधा हा प्रश्न येऊच देत नाही.

आता लेन्सभोवतीची रिंग. नव्याने विकत घेणाऱ्याला तिचं फार कौतुक असतं, आठवड्याभरात तो तिला विसरतो. कारण ती खटक्याशिवाय फिरते, किती फिरली ते बोटाला कळत नाही. कस्टम मेनूत तिला हवं ते काम देता येतं. माझ्या रिंगला मी एकच काम दिलंय, उजेड कमीजास्त करण्याचं, म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. झूमचं काम देऊ नका, ते तर्जनी नीट करते. उजेडाचा परिणाम स्क्रीनवर लगेच दिसतो, त्यामुळे खटका नसला तरी डोळ्याने थांबता येतं.

आणि वारीत हे काम सतत लागतं. कॅमेऱ्याला जगातलं सगळं करड्या रंगाचं असावं असं वाटतं. पांढरे सदरे, पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या चौकटभर आल्या की तो घाबरून उजेड उतरवतो, आणि मग धोतरं मळकी आणि चेहरे काळवंडलेले. तिथे रिंग फिरवून अधिक 0.7 करा, फार झालं तर अधिक 1. उलट, काळ्या पाषाणाची मूर्ती किंवा घोंगडी पांघरलेला म्हातारा चौकटभर असेल तर तो उजेड वाढवतो आणि काळ्याचा राखाडी होतो, तिथे उणे 0.7. काम झालं की शून्यावर परत. मी परत आणायला विसरते आणि संध्याकाळी स्वतःवर चिडते, तुम्ही सुरुवातीपासूनच सवय लावून घ्या.

इतकं सगळं दरवेळी कोण लक्षात ठेवणार? त्यासाठी डायलवर एमआर लिहिलेलं घर आहे, त्यात तीन जागा आहेत. एकदा घरी निवांत सगळं लावून मेनूतल्या 'मेमरी'त साठवायचं. माझ्या पहिल्या जागेत 'वाट' आहे: एस मोड, 1/250, आयएसओ ऑटो 1600 पर्यंत, फोकस मधल्या चौकटीवर, फ्लॅश बंद. दुसरीत 'रिंगण', त्याचं पुढे सांगते. तिसरीत 'कीर्तन': एस मोड, 1/60, आयएसओ ऑटो 3200 पर्यंत, फोकसचा लाल दिवा बंद; आवाजही मेनूतून बंद, कारण हरिपाठात पिकपिक वाजणारा कॅमेरा लोकांना आवडत नाही आणि त्यांचं बरोबर आहे. याचा खरा फायदा वेगळाच. अंगठ्याने काही गडबड झाली, काय बदललं कळत नाही, तर शोधत बसू नका. डायल एक घर पुढे फिरवा, परत एमआरवर आणा, जागा निवडा, सगळं जसं साठवलं होतं तसं.

आता रिंगण. तुम्ही विचारलंय की घोड्यासाठी किती झूम करू. माझं मत: करूच नका.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. वारकरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळींत उभे आणि मधून अश्व धावतात, एकावर स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी, ती माउलींसाठी. तुम्ही त्या ओळीतच उभे असणार. अश्व तुमच्यापासून दोनतीन मीटरवरून जाणार आणि चौकटीत जेमतेम अर्धा सेकंद असणार. त्यावेळी पूर्ण झूम केलेलं असेल तर फोटोत शेपटी तरी येईल किंवा नुसतं खोगीर. आणि या कॅमेऱ्याचा फोकस धावत्या अश्वाचा पाठलाग करू शकत नाही. लागोपाठ फोटो काढायचा वेगवान मोड सेकंदाला दहा फोटो देतो खरा, पण फोकस पहिल्या फोटोवरच अडकलेला राहतो. म्हणून आपणच फोकस आधी ठरवून टाकायचा.

छोट्या कॅमेऱ्याचा छोटेपणा इथे कामी येतो. पूर्ण वाइडला तुमच्या लेन्सची खरी लांबी 10.4 मिलिमीटर असते. छिद्र एफ 4 वर ठेवून फोकस अडीच मीटरवर लावला, तर साधारण सव्वा मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं रेखीव येतं. म्हणजे समोरच्या ओळीतला टाळकरी, मधला अश्व, मागचं झाड, सगळंच. त्यावेळी फोकसचा विचारच डोक्यात नको.

लावायचं असं. डायल एमवर, म्हणजे शटर आणि छिद्र दोन्ही तुम्हीच ठरवणार. शटर 1/1000, छिद्र एफ 4, आयएसओ ढगाळ पण उजळ असेल तर 200, आभाळ दाटलेलं असेल तर 400. रिंगण लागायच्या आधी समोरच्या ओळीतल्या चेहऱ्यांवर दोन फोटो काढून बघा, चेहरे नीट दिसले की झालं. एम मोडमध्ये पांढऱ्या धोतरांनी कॅमेरा घाबरत नाही, हा आणखी एक लाभ. मग फोकस एमएफवर, म्हणजे हाताने फोकस करण्यावर न्या. बरोबरच्या कुणाला तरी तीन मोठ्या पावलांवर उभं करा आणि रिंग फिरवून त्याच्या डोळ्यांवर फोकस आणा, फिरवताना स्क्रीनवर चित्र मोठं होऊन दिसतं. एमएफमध्ये रिंगचं काम बदलतं हे लक्षात असू द्या, तिथे ती उजेडाची राहत नाही, फोकसची होते. आणि ती खटक्याशिवाय फिरते म्हणून मी तिच्यावर विजेच्या कामाच्या काळ्या टेपचा बोटभर तुकडा लावते, अर्धा रिंगवर, अर्धा कॅमेऱ्याच्या अंगावर. गर्दीत धक्का लागला तरी फोकस जागचा हलत नाही. झूमला हात लावलात किंवा कॅमेरा बंद-चालू केलात तर मात्र फोकस पुन्हा तपासायचा. एम मोडमधली ही शटर-छिद्राची जोडी दुसऱ्या जागेत साठवा, आयएसओ तिथे बघून.

कॅमेरा छातीच्या उंचीवर, दोरी ताणलेली, डोळे स्क्रीनवर नकोत, अश्वावर. तो साताठ मीटरवर आला की बटण दाबून धरा आणि सोडू नका. दहाबारा फोटो होतील, त्यात एक असतो. पहिल्या वर्षी नसेलही. मला दुसऱ्या वर्षी मिळाला, आणि त्यातही स्वाराचे डोळे मिटलेले.

पण बटण सोडल्यावर कॅमेरा खाली घेऊ नका. अश्व पुढे गेला की लोक वाकतात आणि टापांखालची माती कपाळाला लावतात. तो काही सेकंदांचा प्रसंग मला अश्वापेक्षा मोठा वाटतो, आणि 28 मिलिमीटर, अडीच मीटर, एफ 4 हे सगळं त्यासाठी आधीच लावून तयार असतं. तिथे एक सांभाळा. माणूस मातीला हात लावतोय आणि तुमची लेन्स त्याच्या नाकासमोर, असं व्हायला नको. एवढासा कॅमेरा लोकांना खुपत नाही म्हणून आपण जरा जास्तच जवळ जातो.

फ्लॅशबद्दल एवढंच: दिवसा, समोरच्या माणसाच्या डोक्यावर टोपीची सावली असेल तर जरूर वापरा. मोठ्या कॅमेऱ्यांना साधारण 1/200 च्या वर फ्लॅश नीट जुळत नाही, याचं शटर लेन्समध्येच असल्याने 1/1000 लाही जुळतो. आणि घरात किंवा धर्मशाळेच्या खोलीत, पांढरं छत असेल तर उघडलेला फ्लॅश डाव्या तर्जनीने हलकेच मागे दाबून धरा, त्याचं तोंड छताकडे होतं आणि उजेड वरून मऊ पडतो. स्प्रिंगवर आहे, जोर करू नका.

सांभाळायच्या दोन गोष्टी आहेत, पाऊस आणि भंडारा. हा कॅमेरा पाणी सहन करणारा नाही. पावसात छत्रीखालून काढा, नाहीतर पाउचमध्ये ठेवा. भुरभुर पडली तर लेन्स आत जायच्या आधी नळी कोरड्या सुती फडक्याने पुसा, कारण लेन्स आत गेली की बाहेरचं पाणीही आत जातं. भंडारा त्याहून वाईट. एका वर्षी जेजुरीला मी उधळण चालू असतानाच लेन्स उघडी ठेवून उभी राहिले. फोटो सुंदर आला. कॅमेरा बंद केला तर लेन्स अर्ध्यावर कुरकुरत थांबली, ती आतही जाईना, बाहेरही येईना. चूक सर्वस्वी माझी. तुमची वाटही जेजुरीवरूनच लोणंदला येते, तेव्हा तिथे गेलात तर उधळणीच्या जवळ असताना लेन्स मिटलेली ठेवा आणि फोटो दुरून, झूम करून घ्या. झूम वापरायची हीच जागा. पाउचसुद्धा आधी आतून उलटा करून झटका. खिशातला कापूस आणि धूळ याच नळीच्या फटींतून आत जाते आणि काही महिन्यांनी आभाळाच्या फोटोंत काळे ठिपके म्हणून उगवते. शर्टाच्या खिशात नागडा कॅमेरा टाकू नका. तिथे तो चुकून चालू होतो, लेन्स कापडावर ढुशा देते आणि मोटर बसते. घरी आल्यावर पावसाळाभर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट डब्यात. तांदळात ठेवू नका, तांदळाची पीठी तेवढीच वाईट.

उन्हात स्क्रीन दिसत नाही असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. मेनूत स्क्रीनच्या उजेडाला उन्हासाठीचा वेगळा पर्याय आहे, तो लावा. बॅटरी लवकर संपेल. कंपनीचा आकडा एका चार्जला 330 फोटोंचा आहे, मला वारीत दोनशेच्या पुढे फारसे मिळत नाहीत, म्हणून दुसरी बॅटरी घ्या. ती विकत घेताना एनपी-बीएक्स 1 हे नाव बघून घ्या. कॅमेऱ्याला जुन्या फोनची चपटी मायक्रो यूएसबी पिन लागते, हल्लीची टाइप-सी चालत नाही. पॉवर बँकवर चार्ज होतो, पण बंद असतानाच. दुपारच्या विसाव्याला दिंडी थांबली की आधी कॅमेरा लावा आणि मग जेवायला बसा, म्हणजे पंगत उठेपर्यंत तासभर तरी मिळतो.